घराच्या पाहणीत दोष सुटला तर?
खरेदीनंतर उघड झालेल्या बांधकाम-दोषाबाबत नांदेड-लातूरच्या घरमालकांनी काय करावे?

घर घेताना पाहणी झालेली असते. बँकेचा मूल्यांकनकार येऊन गेलेला असतो, वकिलांचा सर्च रिपोर्ट हाती असतो, ओळखीच्या अभियंत्याने भिंतींवर टकटक करून ‘घर चांगले आहे’ असे सांगितलेले असते. खरेदीखत होते, वास्तुशांत होते. आणि पहिला पावसाळा संपतो न संपतो तोच खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग वर चढू लागते. छताच्या गिलाव्याचे पोपडे पडून आतली गंजलेली सळई दिसते, किंवा जोत्यालगत ओल धरून भिंतीला लोणा लागतो. दोष नवा नसतो. तो घरात आधीपासूनच होता आणि पाहणीत सुटला होता.

अशा वेळी बहुतेक घरमालक दोनपैकी एक चूक करतात. एक तर गवंडी बोलावून भेग बुजवून टाकतात, किंवा ज्याच्यावर राग आहे त्याच्याविरुद्ध घाईने तक्रार ठोकून मोकळे होतात. पहिल्या चुकीने पुरावा जातो, दुसरीने काळ आणि पैसा जातो. दाद मागण्यापूर्वी कोणी, काय, कोणासाठी पाहिले होते, या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते. जबाबदारी कोणाची आणि तक्रार कोठे करावयाची, हे त्या उत्तरावरच ठरते.

पाहणी कोणाची आणि कोणासाठी?

इंग्लंडसारख्या देशांत घर घेणारा स्वतःसाठी व्यावसायिक सर्वेक्षक नेमतो आणि तो घराची तपासणी करून लेखी अहवाल देतो. आपल्याकडे अशी पद्धत रूढ नाही. आपण ज्याला ढोबळपणे ‘पाहणी’ म्हणतो, ती प्रत्यक्षात तीन-चार वेगवेगळ्या लोकांची वेगवेगळी कामे असतात.

बँकेचा मूल्यांकनकार घराची बाजारातील किंमत काढतो. कर्ज बुडाल्यास तारण पुरेसे आहे काय, हे त्याला बँकेला सांगावयाचे असते. त्याची फी कर्जदाराकडून वसूल झाली तरी अहवाल बँकेसाठी असतो. वकिलांचा सर्च रिपोर्ट दुय्यम निबंधक कार्यालयातील नोंदी तपासून मालकी हक्क निर्वेध आहे की नाही ते सांगतो. वकील घराच्या तुळया पाहत नाहीत. भूमी अभिलेख खात्याची मोजणी जागेच्या हद्दी दाखवते. नगररचना विभागाचे भोगवटा प्रमाणपत्र बांधकाम मंजुरीप्रमाणे झाल्याचे सांगते. गच्चीचे वॉटरप्रूफिंग किती वर्षे टिकेल याची हमी त्यात नसते.

या साऱ्या कागदांची फाइल जाड होते. तथापि, घराच्या पाया, भिंती, छत आणि सळ्या यांची तपासणी खरेदीदाराच्या वतीने कोणीच केलेली नसते, असे अनेकदा आढळते. म्हणून दोष दिसताच प्रथम सर्व अहवाल काढून प्रत्येकाचा हेतू व व्याप्ती वाचावी. ‘दृश्य भागाची पाहणी’, ‘केवळ मूल्यांकनासाठी’ अशी वाक्ये बहुधा शेवटच्या पानावर असतात आणि पुढील वादात तीच निर्णायक ठरतात.

किल्लारीने शिकविलेले

सुटलेल्या दोषाची किंमत किती असू शकते, हे या भागाला सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली असताना, लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातल्या किल्लारी परिसरात आणि शेजारच्या तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील उमरगा तालुक्यात भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ होती. हजारो माणसे दगावली. त्यांतील बहुतेक स्वतःच्याच घराच्या भिंती आणि माळवदाखाली गाडली गेली.

ती घरे बाहेरून भक्कम दिसत. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद. प्रत्यक्षात त्या भिंती म्हणजे दगडांचे दोन वेगळे पदर होते आणि मधल्या पोकळीत माती व दगडगोटे भरलेले होते. दोन्ही पदर बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते आणि जोडणी चिखलाची होती. जमीन हलताच पदर सुटे झाले आणि माळवदाचे ओझे खाली आले. भिंतीची जाडी पाहून आतल्या पोकळीची कल्पना कोणाला येणार?

चूक केवळ गावकऱ्यांची नव्हती. १९८४ च्या भारतीय मानकातील भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात दाखविलेला होता. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये किल्लारी परिसराला लहान-मोठे धक्के बसले होते, तरी घरांची बांधणी तीच राहिली. २००२ मध्ये मानक सुधारले तेव्हा हा भाग तिसऱ्या विभागात घेण्यात आला. देशपातळीवरील पाहणीतूनही दोष सुटू शकतो, याचे यापेक्षा ठळक उदाहरण नाही.

त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात घरांची वर्गवारी झाली. ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसविण्यात आली. काही गावांत त्याच जागी पुनर्बांधणी झाली, तर कमी हानी झालेल्या गावांत दुरुस्ती व मजबुतीकरण हाती घेतले गेले. हानी तपासणे, वर्ग ठरविणे आणि मगच उपाय करणे हा क्रम एका घरालाही तसाच लागू पडतो. हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी झालेल्या ४.५ तीव्रतेच्या भूकंपांचे धक्के नांदेडलाही जाणवले. तेव्हा जुन्या भिंतीतली भेग हा केवळ रंगाचा प्रश्न मानून चालणार नाही.

पाहणीतून हमखास सुटणारे दोष

काळ्या मातीवरील पाया : दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेली काळी माती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया तिच्या खालच्या पक्क्या मुरमापर्यंत नेलेला नसेल, तर घर दर वर्षी थोडे उचलले जाते आणि खचते. याच्या भेगा दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या निघतात. काही पावसाळ्यात मिटतात आणि उन्हाळ्यात रुंदावतात. म्हणून एकाच ऋतूत केलेल्या पाहणीत त्या सुटण्याचा संभव मोठा असतो. दारे अडकू लागणे, फरशी मध्येच उचलणे, आवाराची भिंत कलणे ही याचीच लक्षणे होत.

सळ्यांचा गंज : बांधकामाला बोअरचे पाणी तपासल्याविना वापरले, तर त्यातील क्षार काँक्रीटमध्ये राहतात. भारतीय मानक ४५६ नुसार सळ्या असलेल्या काँक्रीटसाठीच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅमहून अधिक नसावे. गंज चढताना सळईचे आकारमान वाढते व बाहेरचे काँक्रीट फुटते. ताज्या गिलाव्याखाली हे काही वर्षे लपून राहते.

जुन्या वाड्यांच्या भिंती : नांदेडच्या जुन्या वस्तीत, औशात, उदगिरात दगडी वाडे विकत घेऊन त्यावर नवा मजला चढविला जातो. सिमेंटच्या गिलाव्याआड भिंतीचे दोन पदर सुटे आहेत की बांधलेले, हे दिसत नाही. भिंत मध्येच फुगलेली असेल तर वर बोजा वाढविणे धोक्याचे असते.

पाणी आणि पूररेषा : विष्णुपुरी प्रकल्पातून विसर्ग वाढला की नांदेडमधील गोदावरीकाठच्या सखल वस्त्यांना त्याची झळ पोहोचते. जागा निळ्या किंवा लाल पूररेषेच्या आत येते काय, हे उन्हाळ्यात घर पाहताना कळत नाही. लातूरमध्ये प्रश्न नेमका उलट असू शकतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या शहरात, ‘बोअरला बारमाही पाणी आहे’ हे विक्रेत्याचे विधान पावसाळ्यानंतर लगेच घर पाहणाऱ्यास खरेच वाटते.

पहिले काम : पुरावा जपणे

दोष दिसल्यावर लगेच दुरुस्ती करू नये. मात्र स्लॅबचे तुकडे पडणे, तुळई वाकणे, भिंत बाहेर झुकणे असे काही आढळल्यास प्रथम माणसे बाहेर काढावीत, टेकू द्यावा आणि महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीस लेखी कळवावे. जिवापुढे पुरावा दुय्यम आहे. धोका तातडीचा नसेल, तर पुढील क्रम पाळावा.

१. प्रत्येक भेगेची छायाचित्रे मोजपट्टी शेजारी धरून घ्यावीत. छायाचित्रे ज्या मोबाइलवर काढली तो जपून ठेवावा. पुढे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते.

२. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवावी. भेग वाढत असेल तर काच तडकते. हा जुना उपाय स्वस्त आहे आणि न्यायालयातही सहज समजतो.

३. खरेदीच्या वेळची सर्व छायाचित्रे शोधावीत. वास्तुशांतीच्या फोटोंत पाहुण्यांच्या मागे दिसणारी भिंत कधी कधी निर्णायक पुरावा ठरते. भेग तेव्हाही होती की त्या जागी ताजा रंग होता, ते त्यातून कळते.

४. इसारपावती, खरेदीखत, ताबापावती, जाहिरात, दलालाशी व विक्रेत्याशी झालेले संदेश, पाहणी अहवाल, फीची पावती आणि बँकेच्या मूल्यांकन अहवालाची प्रत एकत्र करावी. बँकेकडे प्रत लेखी अर्जाने मागावी.

५. शेजारी, पूर्वीचे भाडेकरू आणि विक्रीपूर्वी रंगकाम करणारा कारागीर यांना दोष ठाऊक होता काय, याची शांतपणे चौकशी करावी. विक्रेत्याने तो जाणूनबुजून झाकला असेल तर बहुधा तो येथेच उघड होतो.

कर्जाचे हप्ते मात्र थांबवू नयेत. घरातील दोष हा बँकेबरोबरच्या करारातून सुटण्याचा आधार होत नाही. हप्ता चुकला की घरमालकच थकबाकीदार ठरतो.

दुसरे काम : स्वतंत्र तपासणी

आता खऱ्या अर्थाने घराची तपासणी करवून घ्यावी. त्यासाठी महापालिकेकडे नोंदणी असलेला संरचना अभियंता निवडावा. पहिली पाहणी करणारा, बिल्डर किंवा विक्रेता यांच्याशी त्याचा व्यावसायिक संबंध नसावा. नांदेडच्या विष्णुपुरी येथील श्री गुरु गोविंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था किंवा लातूरचे एम. एस. बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय अशा संस्थांच्या स्थापत्य विभागात चाचण्यांच्या सोयीबाबत चौकशी करता येईल.

काँक्रीटच्या तपासणीत रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी या चाचण्या प्रचलित आहेत. पहिली पृष्ठभागाचा कठीणपणा दाखवते, दुसरी आतील सलगता. जुने काँक्रीट हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे पृष्ठभागी कठीण होते, त्यामुळे केवळ हॅमरचे आकडे फसवे ठरू शकतात. सळ्यांच्या गंजाची शक्यता हाफ-सेल चाचणीने अजमावता येते. पाया संशयास्पद असेल तर जोत्यालगत एखाद-दोन ठिकाणी खड्डा घेऊन पायाची खोली आणि खालची माती प्रत्यक्ष पाहावी. अनेक वादांत हा एक खड्डा दहा अहवालांपेक्षा अधिक सांगतो.

अहवालात पाच प्रश्नांची उत्तरे मागावीत : दोष कोणता? त्याचे कारण काय? खरेदीच्या वेळी तो अस्तित्वात होता काय? सर्वसाधारण कौशल्याच्या अभियंत्याला तेव्हाच्या दृश्य पाहणीत तो दिसावयास हवा होता काय? आणि दुरुस्तीचा खर्च किती? चौथा प्रश्न बहुतेक अहवालांत नसतो आणि प्रकरण तेथेच दुबळे पडते. पाहणी करणाऱ्याला दोष दिसला नाही एवढ्याने त्याचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. जेकब मॅथ्यू प्रकरणात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या संदर्भात जी कसोटी मांडली, तिचे सूत्र सर्वच व्यावसायिकांना लागू होते. आवश्यक कौशल्य नव्हते, किंवा असूनही सर्वसामान्य सक्षम व्यावसायिकाप्रमाणे ते वापरले नाही, हे दाखवावे लागते.

जबाबदारी कोणाची?

बिल्डर : नवीन फ्लॅट किंवा रो-हाउस असेल तर खरेदीदाराची बाजू सर्वांत भक्कम असते. स्थावर संपदा कायदा, २०१६ (रेरा) मधील कलम १४(३) नुसार ताब्यापासून पाच वर्षांत संरचनेतील, कारागिरीतील, दर्जातील किंवा सेवांतील दोष निदर्शनास आणल्यास बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. न केल्यास भरपाई मागता येते. येथे पाहणीत दोष का सुटला हा प्रश्नच उद्भवत नाही. पुनर्विक्रीने घर घेणाराही कायद्याच्या व्याख्येत येतो, म्हणून पहिल्या मालकाच्या पाच वर्षांपैकी उरलेल्या काळाचा लाभ त्याला मिळू शकतो. खरेदीदाराने स्वतः भिंत पाडली वा तुळईला छेद दिला असेल, तर मात्र बिल्डर त्याकडे बोट दाखवील.

५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पांना रेरा नोंदणीतून सूट आहे आणि आपल्या शहरांत असे छोटे प्रकल्प पुष्कळ असतात. तेथे महाराष्ट्र सदनिका मालकी कायदा, १९६३ मधील तीन वर्षांच्या दोष-दायित्वाची तरतूद आणि ग्राहक आयोग यांचा आधार घ्यावा.

विक्रेता : जुने घर खासगी मालकाकडून घेतले असल्यास मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ मधील कलम ५५(१)(अ) महत्त्वाचे आहे. विक्रेत्याला ठाऊक असलेला, खरेदीदाराला ठाऊक नसलेला आणि सामान्य दक्षतेने त्याला न कळू शकणारा महत्त्वाचा दोष उघड करणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. ते न केल्यास कायदा त्यास कपट मानतो. ‘जसे आहे तसे’ असा मजकूर खरेदीखतात असला तरी जाणूनबुजून केलेली लपवाछपवी त्याने झाकली जात नाही. तथापि, उघड्या डोळ्यांना दिसणारी भेग ही ‘न कळू शकणारी’ नव्हती, असा बचाव विक्रेता करू शकतो. म्हणून नव्या रंगाखाली बुजविलेल्या भेगेचा पुरावा मोलाचा.

स्वतः नेमलेला अभियंता : त्याने फी घेतली असेल तर ती सेवा आहे आणि सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येते. स्नेहाखातर, फी न घेता पाहून दिले असेल, तर ग्राहक कायदा बहुधा मदतीला येत नाही. ओळखीच्या माणसालाही लेखी काम आणि रीतसर फी द्यावी, हे सांगण्यामागचे कारण तेच.

बँकेचा मूल्यांकनकार : त्याचा करार बँकेशी असतो, म्हणून खरेदीदाराचा दावा कठीण असतो. इंग्लंडमध्ये १९८९ साली स्मिथ विरुद्ध एरिक बुश या प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने सामान्य घर घेणाऱ्यांबाबत वेगळी भूमिका घेतली. धुराड्याला आधार उरलेला नाही हे कर्जदात्या संस्थेच्या मूल्यांकनकाराच्या लक्षात आले नव्हते. पुढे धुराडे छत फोडून घरात कोसळले. खरेदीदार या अहवालावरच विसंबणार हे त्याला ठाऊक होते, म्हणून त्याला जबाबदार धरण्यात आले. हा निर्णय आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. युक्तिवादास उपयोगी पडेल, पण त्यावर सारी मदार ठेवू नये.

वकील : सुटलेला दोष मालकी हक्कातला असेल, जसे जुना बोजा, इनामी किंवा वर्ग दोनची जमीन, तर प्रश्न सर्च रिपोर्टचा येतो. वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिला. त्यामुळे तेथे दिवाणी न्यायालयाचा मार्ग उरतो. प्रकल्पाच्या जमिनीचा मालकी हक्कच सदोष असेल, तर रेराच्या कलम १८(२) खाली बिल्डरकडून भरपाई मागता येते आणि त्यास मुदतीची आडकाठी नाही.

मोजणी : भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत निघाली, तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे निमताना मोजणीचा अर्ज करता येतो.

विमा : ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत भूकंप, पूर आणि जमीन खचणे यांचे संरक्षण आहे. परंतु नव्या बांधकामाचे नेहमीचे बसणे, सदोष आराखडा, सदोष कारागीर-काम किंवा निकृष्ट साहित्य यांमुळे झालेले खचणे त्यातून वगळलेले आहे. तेव्हा कारण स्पष्ट झाल्याविना दाव्याच्या अर्जात घाईने काही लिहू नये.

दाद कोठे आणि किती मुदतीत?

महारेराकडे तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. सामाईक भागातील दोषासाठी सदनिकाधारकांची संस्थाही तक्रारदार होऊ शकते. पाच वर्षांची मुदत ताब्याच्या तारखेपासून मोजली जाते, म्हणून ताबापावती जपावी आणि दोष दिसताच बिल्डरला लेखी कळवावे.

ग्राहक आयोगाकडे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावे लागते. उशिराचे सबळ कारण असल्यास तो क्षमापित होऊ शकतो. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडेही तक्रार करता येते. बिल्डर पुण्याचा असला तरी नांदेडकराला नांदेडमध्ये आणि लातूरकराला लातूरमध्ये दाद मागता येते. रेरामुळे ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये इम्पेरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात स्पष्ट केले आहे. मात्र एकाच मागणीसाठी दोन्हीकडे धाव घेऊ नये. वकिलांच्या सल्ल्याने एक मार्ग निवडावा.

खासगी विक्रेत्याविरुद्धचा वाद सामान्यतः दिवाणी न्यायालयात जातो. मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते. कपट असेल तर ते उघड झाल्यापासून, किंवा योग्य दक्षतेने उघड होऊ शकले असते तेव्हापासून, ती मोजतात. न्यायालय जागेच्या पाहणीसाठी कमिशनर नेमू शकते. खर्च न झेपणाऱ्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करावी. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि उत्पन्न-मर्यादेत बसणारे यांना तेथे मोफत साहाय्य मिळते.

नोटीस आणि भरपाई

तक्रारीपूर्वी लेखी नोटीस द्यावी. तीत घराचा तपशील, दोष कधी व कसा आढळला, तज्ज्ञाचा निष्कर्ष, संबंधिताची जबाबदारी कोणत्या कागदावरून येते, मागणी काय आणि किती दिवसांत, एवढेच असावे. तज्ज्ञाच्या अहवालाची प्रत जोडावी. समोरच्या पक्षाला घर पाहण्याची संधी देणारी तारीख त्यात अवश्य असावी. ही संधी दिल्यानंतर केलेल्या तातडीच्या दुरुस्तीवर ‘आम्हाला पाहू दिले नाही’ असा आक्षेप टिकत नाही. नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टने आणि ई-मेलनेही पाठवावी.

भरपाई म्हणजे मनस्तापाचा फुगवलेला आकडा नव्हे. करार कायद्याच्या कलम ७३ नुसार उल्लंघनातून स्वाभाविकपणे उद्भवलेले नुकसान मिळते आणि नुकसान वाढू न देण्यासाठी आपण काय केले हेही पाहिले जाते. बिल्डरकडून दुरुस्ती किंवा तिचा खर्च मागता येतो. पाहणी करणाऱ्या अभियंत्याबाबत हिशेब निराळा असू शकतो : दोष त्याने निर्माण केलेला नसतो, म्हणून दोष माहीत असता तर आपण जी किंमत दिली असती ती आणि प्रत्यक्ष दिलेली किंमत यांतील फरक हे एक माप मानले जाते. भाड्याच्या घरात राहावे लागल्याचा खर्च, चाचण्यांची फी आणि सामानाचे नुकसान यांच्या पावत्या ठेवाव्यात.

पुढील खरेदीदारासाठी

जो अजून घर शोधतो आहे, त्याने किमतीच्या मानाने अल्प असा तपासणीचा खर्च टाळू नये. अभियंत्याला लेखी पत्राने नेमावे आणि पाया, सळ्या, गच्ची, ड्रेनेज व पूररेषा यांपैकी काय तपासावयाचे ते नमूद करावे. जे तपासले नाही त्याची यादी अहवालात मागावी. शक्य असल्यास घर एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात पाहावे. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर संरचना स्थैर्य प्रमाणपत्र मागावे; महापालिका हद्दीत कायद्याने ते अपेक्षितच आहे. गृहनिर्माण संस्थेत फ्लॅट असेल तर मागील संरचनात्मक लेखापरीक्षणाचा अहवाल पाहावा. आणि ‘घरात कोणताही ज्ञात बांधकाम-दोष नाही’ असे विक्रेत्याचे लेखी निवेदन इसारपावतीत घ्यावे. हे एक वाक्य लिहिण्यास जो विक्रेता कचरतो, त्याच्या घराची तपासणी अधिक बारकाईने करावी.

ज्याच्या घरात दोष आधीच उघड झाला आहे, त्याने भेगेवर आजची तारीख लिहून कामाला सुरुवात करावी. ताब्याची तारीख, दोष दिसल्याची तारीख आणि नोटिशीची तारीख या तीन तारखांवर पुढील साऱ्या मुदती मोजल्या जाणार आहेत.